आईला गेटबाहेर सोडायचं कुणी?

विसरण्याचे किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही हो, ते आपोआप साचतात. सिंकखालच्या कपाटात प्लॅस्टिकच्या पिशव्या साचतात ना, तसे. एक काढायला जावं तर दहा अंगावर येतात! परवा प्रसाद म्हणाला, "मीनल, तू एकदा हे सगळं लिहून काढ. नाहीतर आपणच विसरू!" म्हटलं, खरंय. आमच्याकडे विसरण्याचं काम करायला माणसं आधीच नेमलेली आहेत, त्यात आपली भर कशाला?

आम्ही राहतो बेंगळुरूला, व्हाइटफील्डच्या एका भल्यामोठ्या कॉम्प्लेक्समध्ये. त्यात आम्ही तीन मराठी घरं. मी नाशिकची, आयटीत टेस्टिंग करते, म्हणजे दुसऱ्याच्या चुका शोधून काढण्याचा पगार घेते. माझ्याकडे माझी आई. दुसरा पुण्याचा प्रसाद. तोही आयटीतच, त्याच्याकडे त्याचे वडील, नाना. आणि तिसरी कल्पनाअक्का. ती इथलीच, चामराजपेटची. तिच्या घरात कैक पिढ्या मराठी बोलतात, पण त्यात निम्मं कन्नड. तिच्याकडे तिचे सासरे, अण्णा.

तिन्ही घरांत डॉक्टरांनी एकच लांबलचक नाव सांगितलेलं. त्यामुळे दर रविवारी सकाळी आम्ही तिघं क्लबहाऊसमध्ये भेटतो. बघणाऱ्याला वाटतं, यांची भिशी आहे. प्रत्यक्षात आम्ही एकमेकांना विचारतो, "तुमच्याकडे या आठवड्यात काय झालं?" आणि उत्तर ऐकून तोंडात बोटं घालतो.

*

आमच्याकडे सुरुवात साबुदाण्यानं झाली.

आई बरीच वर्षं नाशिकला मुलींच्या सरकारी वसतिगृहाची रेक्टर होती. दीडशे मुलींची नावं, गावं आणि कोणाला कोणाचं पत्र येतं हे तिला तोंडपाठ! बाबा गेले आणि मी तिला इकडे आणलं. "समीर कधी येणार?" हे ती तासाभरात तीनदा विचारायची, तेव्हा मी म्हणायचे, चालायचंच, वय झालं. समीर म्हणजे माझा नवरा. तोही म्हणायचा, "बरं आहे ना, कुणीतरी माझी वाट बघतंय!"

मग एक संकष्टी आली. संध्याकाळी ऑफिसमधून येऊन बघते तर ओट्यावर साबुदाण्याची तीन पातेली. एक सकाळी भिजवलेलं, एक दुपारी, आणि तिसऱ्यातलं पाणी अजून निथळायचं होतं. मी ओरडलेच, "आई, अगं हे काय?" ती तिन्ही पातेल्यांकडे बघत राहिली. तिचा चेहरा बघून मी आवाज खाली आणला. कारण तिला बसलेला धक्का माझ्यापेक्षा मोठा होता.

आठवडाभर आम्ही खिचडी, वडे, थालीपीठ आणि पुन्हा खिचडी खाल्ली. आणि डॉक्टरांकडे गेलो.

डॉक्टरीणबाई फार चांगल्या. रक्त तपासलं, थायरॉइड, बी-ट्वेल्व्ह बघितलं, झोप कशी लागते विचारलं. शिवाय कान तपासले! तेव्हा कळलं, आई जे विसरते त्यातलं निम्मं तिला ऐकूच आलेलं नसतं. कानाला मशीन लागलं. पण उरलेलं निम्मं विसरणं खरं होतं. त्याचं नाव माइल्ड कॉग्निटिव्ह इम्पेअरमेंट.

डॉक्टर समजावून सांगत होत्या, "हे वयाच्या मानानं जरा जास्त विसरणं आहे, पण हा डिमेन्शिया नाही. रोजचं स्वतःचं सगळं त्या करू शकतात. काही जणांचं हे पुढे वाढतं, काहींचं आहे तिथंच राहतं, काहींचं तर सुधारतंही. आपण लक्ष ठेवायचं, सहा महिन्यांनी परत बघायचं."

माझ्या डोळ्यांत पाणी. आई मात्र कान देऊन ऐकत होती. नवीनच मशीन होतं ना! सगळं ऐकून घेतलं आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "रडतेस काय? नापास नाही झाले. एटीकेटी लागलीय!"

*

प्रसाद स्क्रम मास्टर. ज्यांना हे माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, हा माणूस रोज सकाळी ऑफिसातल्या सगळ्यांना उभं करतो आणि तीन प्रश्न विचारतो. काल काय केलं, आज काय करणार, अडचण काय?

नानांचं निदान झाल्यावर प्रसादनं घरात पांढरा बोर्ड लावला. त्यावर रंगीत चिठ्ठ्या. 'गोळ्या', 'फिरणे', 'शब्दकोडे', 'अक्रोड'. नाना पुण्यात पाणीपुरवठ्याच्या नोकरीत आयुष्य काढलेला माणूस. अख्ख्या पेठेची तोटी त्यांच्या हातात असायची! त्यांना रोज सकाळी आठ वाजता बोर्डासमोर उभं करून प्रसाद विचारायला लागला.

पंधरा दिवस नाना उभे राहिले. सोळाव्या दिवशी प्रसादनं विचारलं, "हं नाना, काल काय केलं? आज काय करणार? अडचण काय?"

नाना म्हणाले, "काल काय केलं ते आठवत नाही. आज काय करायचं ते तू ठरवतोस. आणि अडचण तूच आहेस!"

प्रसादनं आम्हाला हे रविवारी सांगितलं तेव्हा त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. बोर्ड गेला. अक्रोड राहिले.

*

कल्पनाअक्का आमच्यातली सगळ्यात शहाणी. बोर्ड नाही, अ‍ॅप नाही. अण्णा सकाळी कॉफी पितात आणि अर्ध्या तासानं विचारतात, "कॉफी केलीच नाही का आज?" आमच्या घरी असं झालं तर मी पुरावे देते. कप दाखवते, गाळणं दाखवते. आणि आईचा दिवस नासतो.

अक्का म्हणाली, "कशाला वाद घालायचा? मी पहिल्यांदा अर्धा पेला देते, दुसऱ्यांदा अर्धा देते. सरी, ठीक झालं! स्वल्प स्वल्प द्यायचं, भांडण बेडा, नकोच ते."

आम्ही खूश! काय आयडिया आहे! त्याच संध्याकाळी लिफ्टमध्ये अण्णा भेटले. मी विचारलं, "काय अण्णा, बरे आहात ना?"

"बरा आहे गं," अण्णा म्हणाले, "पण ही कल्पना हल्ली अर्धाच पेला देते. सकाळी दोनदा मागायला लागतं!"

*

आता पुढचं ऐका. याच्यावरून सगळं रामायण झालं.

एक दिवस अण्णा दिसेनात. दुपारी जेवायला हाक मारली तर खोली रिकामी. चपला नाहीत, छत्री नाही. फोन मात्र चार्जिंगला. कल्पनाअक्कानं क्लबहाऊस बघितलं, बाग बघितली, बेसमेंट बघितलं. मग तिचा फोन आला, आणि मी कधी ऐकला नव्हता असा तिचा आवाज. "मीनल, अण्णा कुठंच नाहीत गं!"

सोसायटीच्या ग्रुपवर फोटो टाकला. पोलिसांत कळवलं. प्रसाद सिक्युरिटीच्या खोलीत बसून सीसीटीव्ही पळवून पळवून बघत होता. त्यात अण्णा स्पष्ट दिसले. सकाळीच मेन गेटातून, छत्री हलवत, आरामात बाहेर! बाहेर म्हणजे व्हाइटफील्डचा रस्ता. तिथं तरणाबांड माणूस रस्ता ओलांडताना देवाचं नाव घेतो. आई सोफ्यावर बसून सारखी विचारत होती, "सापडले का?" आणि त्या दिवशी मी प्रत्येक वेळी नीट उत्तर दिलं.

चारच्या सुमाराला चामराजपेटहून जुन्या शेजाऱ्यांचा फोन. "अण्णा इथं आहेत. दुसरी कॉफी चालली आहे."

अण्णांचं चामराजपेटेत सायकलचं दुकान होतं. दोन वर्षांपूर्वी ते आवरून सगळे इकडे राहायला आले. तर हा पंचाहत्तरीचा माणूस दोन बस बदलून, शहराच्या या टोकाहून त्या टोकाला, एकही चूक न करता जुन्या गल्लीत हजर! गेले कसे ते बरोबर. यायचं कुठं ते मात्र सांगता येईना. चामराजपेटचा पत्ता सगळा पाठ, व्हाइटफील्डचं एक अक्षर नाही.

कल्पनाअक्का टॅक्सी करून, रडत, रस्ताभर सगळ्या देवांना नवस बोलत तिथं पोचली. अण्णा ओट्यावर बसलेले. तिला बघून त्यांचा चेहरा एकदम काळजीनं भरला.

"कल्पना! एवढ्या लांब एकटी कशी आलीस? घरी कुणाला सांगून आलीस का?"

*

आम्ही हादरलो होतो. त्या रविवारी कोणी हसलं नाही. आणि घाबरलेली आयटीची माणसं जे करतात तेच आम्ही केलं. अ‍ॅप उघडलं.

आमच्या सोसायटीत गेटसाठी अ‍ॅप आहे. दूधवाला, पार्सलवाला, पाहुणा, कोणीही आला की फोनवर विचारणा येते, हिरवं बटण दाबलं तर आत. त्यातच एक सोय आहे, 'किड एग्झिट'. लहान मूल एकटं गेटबाहेर निघालं की सिक्युरिटीवाला अडवतो, आईबापांच्या फोनवर विचारणा जाते, त्यांनी हो म्हटलं तरच सोडतो.

प्रसाद म्हणाला, "आपण यांना त्याच्यात टाकलं तर?"

कल्पनाअक्का म्हणाली, "लहान मुलांच्यात?"

"नुसतं सिस्टीममध्ये गं! त्यांना कुठं कळणार आहे?"

घरी येऊन मी आईचा फोटो अपलोड केला. नाव टाकलं. नातं विचारलं, तर यादीत दोनच होती, मुलगा आणि मुलगी. मी 'मुलगी' निवडलं. मग वय. वयाच्या यादीत बारापर्यंतच आकडे! त्र्याहत्तर काही घेईना. शेवटी मी सात टाकले.

समीर मागून बघत होता. म्हणाला, "पुढच्या वर्षी तिसरीत जाईल!" मी त्याला उशी फेकून मारली. तेव्हा आम्हाला ते विनोदी वाटलं होतं, याचंच आज आश्चर्य वाटतं.

*

आई रोज दहाला बाहेर पडायची. कोपऱ्यावरचं गणपतीचं देऊळ, भाजीवाल्यांची रांग, शहाळंवाला, आणि घरी. नाशिकला आयुष्यभर स्वतःच्या पायांनी हिंडलेली बाई. तेवढं एक फिरणं तिचं स्वतःचं होतं.

दुसऱ्या दिवशी ती गेटवर गेली. आमचा सिक्युरिटीवाला मंजुनाथ. भला माणूस, पण नियम म्हणजे नियम. त्यानं टॅबलेटवर तिचा चेहरा बघितला आणि गडबडला. "अम्मा, स्वल्प रुको. अप्रूव्हल बेकु, चाहिए."

मी नेमकी क्लायंटच्या कॉलवर. फोन वाजला, सवयीनं लाल दाबलं आणि बोलत राहिले.

संध्याकाळी घरी आले तर आई टीव्ही बघत होती. गेटचा विषयच नाही. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. गेटकडे परत गेलीही नाही. मी प्रसादला फोन केला, "अरे, चक्क विसरली!" तो म्हणाला, "नानाही गप्प आहेत. फायदाच आहे म्हणायचा याचा!" शी! आज हे लिहितानाही लाज वाटते.

चौथ्या दिवशी जेवताना आई शांतपणे म्हणाली, "वसतिगृहात मीही मुलींना पास दिल्याशिवाय सोडत नसे."

मी आमटीची पळी खाली ठेवली.

"पण पासावर मुलीचं खरं वय लिहिलेलं असायचं," ती म्हणाली. "आणि अजून एक सांगते. ज्या मुलीला विचारल्याशिवाय कोंडलं, ती भिंतीवरून उडी मारतेच. आमटी वाढ."

*

तिनं मारली!

आमच्या सोसायटीला मागच्या बाजूला एक सर्व्हिस गेट आहे. कामाच्या बायका तिथून जातात-येतात. तिथं कुणाचं वय विचारत नाहीत, जाताना फक्त पिशव्या तपासतात. एका दुपारी साडेबाराला, सगळ्या बायका कामं उरकून निघाल्या, त्यांच्यात आमची आईही रांगेत! नऊवारी नाही, पाचवारीच, पण पदर खोचून. पिशवी उघडून दाखवली आणि गेली.

मी ऑफिसात. तिचा फोन कुठे आहे ते दाखवणारा निळा ठिपका माझ्या फोनवर बघितला. घरात. अर्ध्या तासानं बघितला, घरात. मन निवांत. मी तर कौतुकानं शेजारणीला दाखवलं, "बघ, टेक्नॉलॉजीमुळे किती सोपं झालंय!"

आणि तेवढ्यात समीरचा फोन. तो घरून काम करत होता. "मीनल, आई घरात नाहीये."

"अरे असं कसं? ठिपका घरात आहे!"

"ठिपका आहे. आई नाहीये."

मी टॅक्सीत बसले तेव्हा माझं डोकं काम करत नव्हतं. व्हाइटफील्डचा ट्रॅफिक, पुढची गाडी हलत नाही, आणि माझ्या डोळ्यांसमोर नाही नाही ते. नाशिकला माझ्या भावाला, नितीनदादाला फोन केला, तर तो माझ्यावरच उखडला. "तिला एकटं सोडलंसच कसं? चोवीस तासांची बाई ठेव! कुठंच सोडू नकोस तिला!"

घरी पोचले तर आई स्वयंपाकघरात मेथी निवडत बसलेली. ताजी जुडी, कढीपत्ता, दोन लिंबं. मी पर्स दारातच टाकली. मग ओरडले. इतकी ओरडले की शेजारचं दार उघडलं. "फोन का नाही घेतलास बरोबर? फोन केला असतास तरी चाललं असतं!"

"अगं, केला की! देवळाजवळून किती वेळा केला." आईनं पिशवीत हात घालून टीव्हीचा रिमोट बाहेर काढला. समीरनं तो तिच्यासमोर उलटा करून दाखवला.

आई म्हणाली, "तरीच म्हटलं, लागत का नाही!"

*

त्यावर आम्ही तिघंही हसत सुटलो. हसणं संपल्यावर मात्र भांडण झालं. खरं भांडण. मी म्हटलं, दिवसभराची बाई ठेवते. आई म्हणाली, "मला राखण नको." मी म्हटलं, तुला काही झालं तर? ती म्हणाली, "घरात बसून मला काही होणार नाही असं कुणी सांगितलं तुला?" दोन दिवस आमच्यात फक्त समीरमार्फत बोलणं चालू होतं.

तिसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे गेलो. मी सगळा पाढा वाचला. साबुदाणा, गेट, रिमोट, सगळं. माझी खात्री होती की डॉक्टर आईला झापणार. डॉक्टरांनी आईकडे खुर्ची वळवली आणि विचारलं, "तुम्हाला काय हवंय?"

मी चक्रावले. सहा महिन्यांत हा प्रश्न आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आला नव्हता!

आई म्हणाली, "दहाला बाहेर जायचं. साडेअकराला परत यायचं. मध्ये मला कुणी विचारायचं नाही."

"रस्ता माहीत आहे?"

"आज माहीत आहे."

डॉक्टर हसल्या, पण ते 'आज' त्यांनी नीट ऐकलं. मग म्हणाल्या, "त्या जे स्वतः करू शकतात ते काढून घेऊ नका. काढून घेतलेलं परत येत नाही. धोका शून्य करता येणार नाही, कमी करता येईल. रस्ता एकच ठेवा, वेळ एकच ठेवा, वाटेवरच्या माणसांना ओळख करून द्या. फोन गळ्यात. पत्ता पर्समध्ये. आणि दर थोड्या दिवसांनी त्यांनाच विचारा, जमतंय का? जमेनासं झालं तर परत ठरवू."

त्या रात्री मी अ‍ॅपमधून आईचं नाव काढलं. बटण दाबताना खात्री विचारतं ना, 'आर यू शुअर?' मला मुळीच नव्हती. तरी दाबलं. दुसऱ्या दिवशी प्रसादनं नानांचं काढलं. कल्पनाअक्कानं अण्णांचं नाव कधी टाकलंच नव्हतं हे तेव्हा कळलं. ती म्हणाली, "सासऱ्यांचं वय सात कसं लिहू गं? हात नाही चालला." अण्णांना ती दर गुरुवारी स्वतःच चामराजपेटला घेऊन जात होती. कॉफीसाठी.

*

पण मी टेस्टर. परवानगी दिली म्हणजे विश्वास ठेवला असं नव्हे!

पहिल्या दिवशी मी ऑफिसला उशिरा जाते म्हणून सांगितलं आणि आईच्या मागे निघाले. डोक्याला ओढणी, डोळ्यांना काळा चष्मा. आई पुढे, मी वीस पावलं मागे. ती देवळापाशी थांबली की मी पार्क केलेल्या टेम्पोमागे. ती भाजी घ्यायला वाकली की मी झाडामागे. तिनं रस्ता व्यवस्थित ओलांडला, दोन्हीकडे बघून, हात दाखवून. मी तिच्यावर नजर ठेवून ओलांडला आणि एका स्कूटरवाल्याच्या कन्नड शिव्या खाल्ल्या.

भाजीवाली तिला "अक्का" म्हणते, कोथिंबीर वर घालते. फुलवाला "उशीर झाला आज" म्हणतो. डॉक्टरांनी सांगितलेली वाटेवरची ओळख तिनं माझ्याआधी करून ठेवली होती. मी झाडामागे उभी राहून हे बघत होते आणि थक्क होत होते. सोसायटीत सहा वर्षं राहून मला लिफ्टमधल्या शेजाऱ्याचं नाव माहीत नाही!

शेवटी आई शहाळंवाल्यापाशी थांबली. तो नेहमीसारखा एक शहाळं सोलायला लागला. आईनं मागे वळूनही बघितलं नाही. दोन बोटं वर केली आणि म्हणाली, "एरडु!"

"एरडु?" त्यानं विचारलं. "दुसरं कुणाला?"

"ती झाडामागं उभी आहे ना, काळा चष्मा लावून," आई म्हणाली, "तिला. सकाळपासून पायपीट चाललीय बिचारीची."

*

त्यानंतर काही महिने नीट गेले. आई दहाला जायची, साडेअकराला यायची. कधी कोथिंबीर दोनदा आणायची, कधी लिंबं विसरायची. मी हळूहळू निळा ठिपका बघायचं कमी केलं. रविवारच्या बैठकीत आम्ही परत हसायला लागलो होतो.

मग गेल्या महिन्यातली गोष्ट. मी घरून काम करत होते. आई नेहमीप्रमाणे निघाली. थोड्या वेळानं मंजुनाथचा फोन. "मॅडम, जल्दी आइए. अम्मा गेट पे हैं."

"तू अडवलंस?"

"नहीं नहीं मॅडम! मैंने तो गेट खोला था!"

मी तशीच घरच्या चपलांत धावत खाली गेले. गेट सताड उघडं. आणि गेटच्या आतल्या बाजूला, मंजुनाथच्या प्लॅस्टिकच्या खुर्चीत, आई बसलेली. इस्त्रीची साडी, गळ्यात फोन, मांडीवर पिशवी. चेहरा शांत.

"काय झालं आई?"

"काही नाही गं. इथवर आले. उजवीकडे वळायचं की डावीकडे, तेच सुचेना." ती बाहेरच्या रस्त्याकडे बघत होती. "बराच वेळ उभी राहिले. म्हटलं येईल, येईल. नाही आलं. मग याला सांगितलं, आज मला बाहेर सोडू नकोस."

रोजचा रस्ता! गेटातून उजवीकडे, एवढंच! रडू नये म्हणून मी उगाच घाई केली. तिची पिशवी घेतली, हात धरला. "चल, मी येते तुझ्याबरोबर. आपण दोघी जाऊ देवळात. चल, ऊठ."

आम्ही गेटापाशी आलो. मंजुनाथ आडवा आला.

"सॉरी मॅडम."

"सॉरी काय? मी आहे ना बरोबर!"

"अम्मा बोली, आज नहीं छोड़ना. कोई भी आएगा, कितना भी बोलेगा, नहीं छोड़ना. बेटी आएगी तो भी नहीं."

"अरे, मीच ती बेटी!"

"इसीलिए, मॅडम."

मी आईकडे बघितलं. आईनं माझ्या हातातून पिशवी काढून घेतली.

"त्याचं बरोबर आहे," ती म्हणाली. मग त्याच्याकडे वळली. "उद्या सोड हं, मंजुनाथ. दहाला."

"सरी, अम्मा," मंजुनाथ म्हणाला आणि त्यानं गेट लावून घेतलं.